काटा शून्यावर, आत्या गाडीत

शुक्रवार, ११ मार्च २०१६. हजर: दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वय त्रेसष्ट, गाडी चालवणार. मी, वय बावन्न, शेजारच्या सीटवर. गाडीला सीटाच दोन, त्यामुळे हजेरी इथेच संपते. सामान: पिण्याच्या पाण्याचा जार, इंजिन ऑइलचा डबा, पाने-पक्कड, आत्यासाठी लुगडं, पत्रावळींचा गठ्ठा.

जार आणि पत्रावळी का, ते ज्यांनी ते वर्ष मराठवाड्यात काढलं त्यांना सांगायला नको. इतरांसाठी लिहिते. त्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यात पाहुण्याने जाताना आपलं पाणी आपण न्यायचं, अशी रीत पडली होती. आपण पेढे नेतो तसं. आणि जेवायला पत्रावळ, कारण ताट घासायला पाणी लागतं. मी मुलींचं वसतिगृह चालवते. कोणाला काय लागेल हे आधी लिहून काढायची सवय आहे, म्हणून या दोन गोष्टी यादीत सगळ्यात वर होत्या.

आता गाडीबद्दल. दोन माणसांची, कापडी टपाची, गडद हिरवी इंग्रजी गाडी. वयाने माझ्या बरोबरीची. एका डॉक्टरांच्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी पडून होती. दादा तंत्रनिकेतनाच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाला आणि त्याने ती घेतली. औरंगाबादच्या घरामागे कित्येक वर्षं तो तिच्याखाली आडवा असायचा. वहिनी म्हणायची, त्यांच्या तोंडापेक्षा त्यांचे पायच मला जास्त ओळखीचे आहेत.

जायचं होतं वडवणीच्या पुढे, आमच्या मूळ गावी. गावाचं नाव लिहीत नाही. आत्याने तसं बजावलं आहे. आत्या म्हणजे आमच्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. वय ब्याऐंशी. ती फोनवर म्हणाली होती, "तुज्या गाडीत मला एकदा गावातून न्हे. येशीतून आत, गल्लीतून, लिंबापासून भाईर. जयंतीला न्हाई. जयंतीला कुनीबी मिरवतंय. साध्या दिवशी."

दादा लगेच हो म्हणाला. मला वाटलं, म्हातारपणची हौस. मी वेळापत्रक केलं: शनिवारी गाडी तपासणे, रविवारी चक्कर, सोमवारी परत वसतिगृहात.

गेवराई

शहागडच्या पुलावरून गोदावरी ओलांडली. गोदावरी म्हणायचं ते सवयीने. खाली वाळू होती आणि वाळूत ट्रकांच्या चाकांचे माग. पुलानंतर थोड्याच वेळात दादा एकदम म्हणाला, "काटा पडला," आणि त्याने इंजिन बंद करून गाडी कडेला घेतली.

डॅशबोर्डवर एक गोल तबकडी आहे. इंजिनात फिरणाऱ्या तेलाला किती दाब आहे, ते तिचा काटा दाखवतो. दाब गेला की तेल फिरत नाही, आणि तेल फिरलं नाही की इंजिन जागच्या जागी आवळतं. एवढं मला दादाने अनेकदा सांगितलं होतं. काटा शून्यावर होता.

बॉनेट उघडल्यावर कारण दिसलं. इंजिनापासून तबकडीपर्यंत काडीएवढी तांब्याची नळी जाते, ती मधेच चिरली होती आणि तेल गळत होतं. रस्त्यापलीकडे ट्रॅक्टरचं गॅरेज होतं. दादाने बाह्या वर केल्या आणि स्वतः गाडी ढकलत नेली. मी स्टिअरिंग धरलं. हे लक्षात ठेवायला हवं होतं, असं मला दुसऱ्या दिवशी वाटलं.

गॅरेजवाले रफिकभाई आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"ही एवढीच हाय का अजून भाग मागून येतोय?"

"एवढीच," दादा म्हणाला.

"मग घरचे कुठं बसतेत?"

"घरी."

रफिकभाई हसले आणि कामाला लागले. त्यांनी नळी इंजिनापासून सोडवली. उघड्या भोकाला बसेल असा बोल्ट शोधायला डबे उपसले, कारण जुन्या इंग्रजी गाड्यांचे आटे आपल्याकडच्या बोल्टांना जुळत नाहीत. शेवटी एका भंगार ट्रॅक्टरचा बोल्ट बसला. तेल थांबलं.

"झालं. आता मुंबईला जावा."

"पण काटा?" दादाने विचारलं.

"काट्याची नळीच काढली की. तो शून्यावरच ऱ्हानार."

"मग दाब आहे का नाही, कळणार कसं?"

"दाब हाय. दिसत न्हाई एवढंच."

मला हे पटलं. दादाला नाही. तोवर शेजारच्या हॉटेलातून भजी आली होती, कढीबरोबर. औरंगाबादला आपण चटणी मागतो, इथे कढी न मागता येते. दादाने एकाही भज्याला हात लावला नाही.

"काटा जोडल्याशिवाय मी गावात शिरणार नाही," तो म्हणाला.

"दादा, गाडी काट्यावर चालते की इंजिनवर?"

त्याने भज्यांची बशी माझ्याकडे सरकवली.

बीडमध्ये आम्ही नळीसाठी दुकानं पालथी घातली. एकाकडे ट्रॅक्टरची नळी होती, तिचे आटे वेगळे. दुसरा म्हणाला, तबकडी काढून आणा. तिसरा म्हणाला, तबकडी फेकून द्या, नवीन लाइटवाली घ्या, तेल संपलं की लाल होते. दादा त्याच्याकडे असं बघत राहिला की मी त्याला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेर म्हणजे उन्हात. चारा छावणीकडे निघालेली गुरं रस्ताभर पसरली होती. एक मेंढपाळ थांबून गाडीकडे बघत होता. त्याने विचारलं, "पानी पिती का ही?" मी म्हटलं, थोडं. तो म्हणाला, "मग विका."

गाव, शनिवार

आमची वस्ती गावाच्या उगवतीला, जरा बाहेर. वडवणीकडून येणारा रस्ता गावाला वळसा घालून थेट वस्तीत येतो, त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी पोचलो ते गावात न शिरताच. आत्याने जार बघून मान हलवली, लुगडं बघून पुन्हा हलवली. येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची आमटी, भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा. पत्रावळीवर आमटी वाढायची म्हणजे भाकरी चुरून आळं करायचं आणि हात चटचट चालवायचा. आत्या तरबेज होती. माझी आमटी मांडीवर आली.

सकाळी आत्याच्या मुलाने, गौतमने, नळीचं काम अंगावर घेतलं. गौतम उपसा सिंचन सहकारी संस्थेचा पंप ऑपरेटर. तलावातून पाणी उपसून सभासदांच्या शेतात सोडायचं, हे संस्थेचं काम. तलाव दोन वर्षं कोरडा. पण संस्था होती, अध्यक्ष होते, आणि गौतम रोज जाऊन पंपावर फडकं मारून येत होता.

"दादा, नळीचं काय टेन्शन घेता? सारी हयात नळ्या जोडन्यात गेली माजी."

त्याने संस्थेच्या गोदामातून ठिबकची बारीक काळी नळी आणली. तांब्याची नळी चिरली होती तेवढा तुकडा कापला. दोन्ही उरलेल्या टोकांवर ठिबकची नळी चढवली आणि बारीक तारेने आवळली. बोल्ट काढून तांब्याचं टोक त्याच्या पितळी नटासकट इंजिनाला लावलं. जे त्या भागात प्रत्येक शेतकरी शेतात डोळे मिटून करतो, तेच.

दादाने गाडी सुरू केली. काटा थरथरला आणि उठून मधोमध उभा राहिला.

दादाचा चेहरा मी सांगू शकत नाही. वहिनीला नोकरी लागली तेव्हाही तो इतका हसला नव्हता.

"बघा!" गौतम म्हणाला. "पान्याला चालती, तेलाला कावून न्हाई चालनार?"

या प्रश्नाचं उत्तर दादासारख्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण काटा उभा होता आणि त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. मी तर काय, यादीत बरोबरची खूण केली.

ते दोघे चाचणीला निघाले, मी मागून गौतमची मोटारसायकल चालवत. वळशाच्या रस्त्याने गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. वेशीच्या अलीकडे होतो, आणि गाडीतून गौतम ओरडला, "आयो! आयो!" दादाने इंजिन बंद केलं. गौतम दार उघडून एका पायावर नाचत बाहेर आला. गरम तेलाने ठिबकची नळी शेवयांसारखी मऊ पडली होती, टोकावरून निसटली होती, आणि सगळं तेल त्याच्या पायावर. मी जारमधून बाटलीत भरून घेतलेलं पाणी त्याच्या पायावर ओतलं. भाजलं फार नव्हतं.

"पानी कावून सांडती, ताई!" तो पहिलं हे म्हणाला.

आता गाडी घरी न्यायची होती. बोल्ट घरी, तेलाचा डबा घरी. समोर वेस, वेशीतून आत गल्ली, गल्लीच्या टोकाला लिंबाचं झाड आणि झाडापलीकडे आमची वस्ती. आत्याच्या घराचा पत्रा चमकत होता. रस्ता उताराचा.

"ढकलू," मी म्हटलं. "दोघं पुरे. पाच मिनिटांचं काम."

"नाही," दादा म्हणाला.

"मग?"

"गौतम जाऊन बोल्ट आणेल. आपण इथं थांबू."

"या उन्हात? काल तू स्वतः ढकललीस की!"

"ते गेवराई होतं."

मला काही समजेना. मी समजावलं, चिडले, पुन्हा समजावलं. दादा सीटवर बसून शून्यावरच्या काट्याकडे बघत होता. गौतम मात्र एका शब्दाने वाद न घालता, भाजलेला पाय वर धरून मोटारसायकलवर बसला आणि गेला. म्हणजे त्याला काहीतरी माहीत होतं, मला नव्हतं. आम्ही कापडी टपाखाली उकडत बसलो. तो बोल्ट आणि तेल घेऊन आला, आम्ही भोक बंद केलं, तेल भरलं आणि वळशाच्या रस्त्याने परत आलो.

चहाच्या वेळी मी आत्याला थेट विचारलं. दादा अंगणात गाडीखाली होता.

"तुला न्हाई ठाव? खरंच?" आत्या म्हणाली. "हां. तू बीडात जल्मलीस."

मग तिने सांगितलं. अण्णा शाळामास्तर झाले तेव्हा त्यांनी सायकल घेतली. आमच्या वस्तीतली पहिली. त्या काळी आमच्या माणसाने गल्लीतून सायकलवर बसून जायचं नाही, असा रिवाज होता. वेशीपाशी उतरायचं, सायकल हातात धरून ढकलत लिंबापर्यंत चालायचं, लिंबापाशी पुन्हा बसायचं. दादा तेव्हा पाच-सहा वर्षांचा, मागे कॅरिअरवर. त्यालाही उतरावं लागे.

"हे पोरगं रोज इचारायचं, अण्णा, कावून उतरायचं? बापानं काय सांगावं? म्हनायचा, साखळी पडली. रोज साखळी पडायची. आन् हे पोरगं चालता चालता वाकून बघायचं. साखळी जाग्यावर."

"मग?"

"मग काय. लिंबापाशी नीट व्हायची."

मी अंगणाकडे पाहिलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. आम्ही एका घरात वाढलो, एकाच माणसाला अण्णा म्हटलं, आणि ही गोष्ट मला बावन्नाव्या वर्षी कळत होती. दादाने का सांगितली नाही? अण्णांनी तरी? आणि मी, जिला सगळं आधी लिहून लागतं, मी कधी विचारलं कसं नाही?  उद्याची चक्कर आता हौसेची राहिली नव्हती. गाडी त्या गल्लीत बंद पडली तर उतरून ढकलावी लागणार होती. दादाला काटा हवा होता तो यासाठी.

मी बाहेर जाऊन म्हटलं, "दादा, रद्द करू. नळी करून पुन्हा येऊ."

गाडीखालून उत्तर यायच्या आत आत्या दारातून म्हणाली, "पुना म्हंजी कवा? मी ब्याऐंशीची हाय. तुज्या काट्याला सांग."

गाव, रविवार

सकाळी दादाने तेलाची काडी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली, तेल पुरेसं. मीही पाहिली. रेडिएटर भरला. उरलेल्या पाण्याचा जार सीटमागे ठेवला. बोल्ट आवळला. एवढ्यावर जायचं ठरलं.

आत्या नवं लुगडं नेसून गाडीत बसली. बसली म्हणजे बसवली. सीट जमिनीपासून वीतभर. "ही गाडी हाय का पाट?" ती म्हणाली. मी गौतमच्या मागे मोटारसायकलवर.

वळसा घालून वेशीपर्यंत आलो. दादा वेशीपाशी थांबला नाही, वेगही वाढवला नाही. आत शिरला. आत्या समोर बघत होती. गल्लीत माणूस नव्हता. एक कुत्रं उठून भिंतीला लागलं. मला वाटलं, झालं, संपलंच हे.

मग वळणावर टँकर दिसला.

रविवारी टँकर असतो हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. तो जुन्या पाटलांच्या घरासमोर गल्ली अडवून उभा. पिंपं, घागरी, कळश्या, प्लॅस्टिकचे ड्रम, आणि अख्खं गाव. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

दादाने ब्रेक दाबला. इंजिन चालूच ठेवलं. मी मोटारसायकलवरून उतरून त्याच्याजवळ गेले. दाबाचा काटा शून्यावर होता आणि त्याच्या शेजारचा, पाण्याच्या उष्णतेचा, हळूहळू चढत होता.

"बंद कर," मी म्हटलं.

"सुरू झाली नाही तर?"

"रेडिएटर उकळेल, दादा."

"मागं जारमध्ये पाणी आहे," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याने रांगेतल्या बायकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्या घागरींसमोर पिण्याचं पाणी गाडीत ओतणं आम्हा दोघांपैकी कोणाच्याच हातून होणार नव्हतं. त्याने किल्ली फिरवली. इंजिन थांबलं. टँकरच्या पाइपाचा आवाज तेवढा राहिला.

पाटलांच्या घरातून चाळिशीचा एक माणूस बाहेर आला. गौतम माझ्या कानात म्हणाला, "शरदराव. पाटलाचा नातू. आमच्या संस्थेचा सभासद हाय." शरदराव गाडीपाशी वाकले.

"आत्याबाई! तुमी व्हय? म्हनलं कोन पाव्हनं आलं. उतरा की. टँकर हालायला येळ लागंल. च्या घ्या."

"उतरायचं न्हाई," आत्या म्हणाली.

"कावून? गुडगं दुकत्यात का?"

"गुडगं चांगलेत."

"मग कावून न्हाई?"

"आज बसायलाच आलेय, बाबा."

शरदरावांनी दादाकडे पाहिलं. दादा स्टिअरिंग धरून बसला होता. "तुमी तरी उतरा, गुरुजी."

"नाही उतरत," दादा म्हणाला. आवाज अगदी नेहमीचा होता.

शरदराव सरळ उभे राहिले. त्यांना कळलं का? मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहत होते आणि मला सांगता येत नाही. आजोबांच्या काळातला तो रिवाज त्यांच्या घरात कोणी कधी बोललं असेल, किंवा आमच्या घरासारखंच नसेलही. ते आत वळून ओरडले, "ए, च्या भाईर आना! कपबशीत!"

चहा आला. पूर्ण कप, त्या उन्हाळ्यात. आत्याने बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश प्यायला. दादाने स्टिअरिंग सोडलं नाही, म्हणून त्याचा कप मी डॅशबोर्डवर ठेवला. रांगेतली एक बाई म्हणाली, "आत्याबाई, मला पन न्या की एकदा." आत्या म्हणाली, "आदी घागर भर, न्हाईतर नवरा हाकलंल." सगळ्या हसल्या.

टँकर निघाला. गल्ली मोकळी झाली. दादाने किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. शरदराव आणि दोन माणसं मागे सरकली आणि त्यांनी गाडीच्या पाठीवर हात ठेवले.

"बसा तुमी, आमी ढकलतो," शरदराव म्हणाले.

"हात काढा," दादा म्हणाला. आणि मग, "थोडं थांबा. होईल सुरू."

त्यांनी हात काढले. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. लिंबाखालून गाडी बाहेर पडली तेव्हा आत्या मागे गल्लीकडे बघत दादाला म्हणाली ते मला मोटारसायकलवरही ऐकू आलं: "मिलिंदा, साखळी जाग्यावर हाय रं."

दादाने गाडी थेट आत्याच्या दारात उभी केली आणि उतरून आधी तिच्या बाजूचं दार उघडलं. 

औरंगाबाद

सोमवारी संध्याकाळी परत. येतानाही काटा शून्यावर, इंजिन ठणठणीत. तांब्याची नवी नळी करून देणारा एक माणूस दादाने जुन्या बाजारात शोधून ठेवला आहे. त्याला इंजिनाच्या बाजूचा पितळी नट नमुना म्हणून लागतो, कारण ते आटे इकडे मिळत नाहीत. नट गौतमकडे राहिला. मी फोन केला, पार्सलने पाठव म्हटलं.

"ताई, नट आईकडं हाय. देईना."

"का?"

"म्हनती, पार्सलबिर्सल काय न्हाई. गाडी घेऊन या म्हनाव, हातात देते."

दादाला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि गाडी पुसू लागला. त्यानंतर दिवाळी झाली. नट अजून आत्याकडेच आहे आणि नळी जोडायची राहिली आहे.